२ ऑगस्ट २०२७ च्या खंडग्रास सूर्यग्रहणासाठी ठाणे ते नेरूळ : जागापाहणीचा वृत्तांत

२ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे आणि पावसाळा ऐन भरात असेल. जागा शोधायला ऑगस्टमध्ये बाहेर पडलं तर सूर्याचाच पत्ता नसायचा. म्हणून ही फेरी मे महिन्यात केली. १०-११ मे च्या सुमारास सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) जवळपास १८ अंश उत्तर असते, आणि २ ऑगस्टलाही तेवढीच. म्हणजे सूर्य आकाशात त्याच वाटेने उतरतो, फक्त मे मध्ये घड्याळात दहा मिनिटं लवकर. मे मध्ये ४.३५ ला जिथे ऊन, तिथे ग्रहणाच्या दिवशी ४.४५ ला ऊन.

आपल्या पट्ट्यात स्पर्श (ग्रहणाची सुरुवात) चारच्या थोडा अलीकडे, मध्य पावणेपाचच्या सुमारास, मोक्ष (ग्रहणाचा शेवट) साडेपाचच्या आसपास. मिनिटा-सेकंदाच्या वेळा राष्ट्रीय पंचांगात बघाव्यात. मध्याला बिंबाचा साधारण तीस टक्के भाग झाकलेला असेल. सूर्य क्षितिजापासून ४ ला ४४ अंशांवर, ४.४५ ला ३३, ५.३० ला २३. दिशा पश्चिमच, सात ते बारा अंश उत्तरेकडे झुकलेली. मोबाइलचं होकायंत्र पुरतं, इथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे. उंची मोजायला हात ताणून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. आधी दोन-चार वेळा फिरवून होकायंत्र ताळ्यावर आणा, आणि लोखंडी कठड्यापासून लांब उभे राहा.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. क्षितिज मोकळं असण्याला फारसं महत्त्व नाही, अडचण टॉवरची आहे. शंभर मीटर उंच इमारतीची सावली ४.४५ ला दीडशे मीटर पडते, ५.३० ला जवळपास २४० मीटर. घोडबंदर रोडला सोसायटीच्या आवारात उभं राहिलात तर मध्य दिसेल आणि मोक्ष टॉवरमागे जाईल. तिथल्यांनी सरळ स्वतःची गच्ची धरावी. चावी कुणाकडे असते ते सेक्रेटरींना आठवडाभर आधी विचारून ठेवा.

ठाण्यात उपवनला पूर्व काठावरून तलावापलीकडे येऊरची रांग दिसते. सूर्य तिच्यापेक्षा बराच वर राहतो, तेव्हा डोंगराची भीती नाही, पण पावसाळ्यात ढग तिथेच अडकून बसतात. येऊरच्या आत जाण्यात अर्थ नाही. वनखात्याची चौकी आहे, आणि झाडीतून आकाश तुकड्या-तुकड्यांनीच दिसतं. तलावपाळी स्टेशनपासून चालत गाठता येते. तिथेही पूर्व काठच धरा, म्हणजे समोरच्या इमारती तलावाच्या रुंदीएवढ्या लांब जातात.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी गाठली आणि रिक्षा केली की सागर विहार. फेरीतली सर्वांत बिनधोक जागा हीच: समोर खाडी, पश्चिमेला जवळपास काहीच उंच नाही, बसायला जागा. मात्र आडोसा नाही, वाऱ्याबरोबर सर आली की छत्री उलटते. रेनकोट आणि सामानाला प्लास्टिकची पिशवी हवीच. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यानही तितकंच मोकळं. ट्रॉम्बेचा डोंगर पलीकडे आहे, पण दोनेक अंशांचाच. पाम बीच रोडवर कडेला गाडी लावून बघायचा मोह टाळा, गाड्या तिथून सुसाट जातात.

चंद्र बिंबाला खालून लागेल, मध्याला डावीकडे खाली असेल आणि डावीकडूनच सुटेल. वहीत चित्र काढणाऱ्यांनी हे आधी लिहून ठेवावं. छिद्रातून पडणारी प्रतिमा उलटी असते, तिथे सगळं फिरतं.

साधनं कमीच न्या. आयएसओ १२३१२-२ प्रमाणाचा, ओरखडा न पडलेला ग्रहण बघायचा चष्मा, किंवा १४ नंबरची वेल्डिंग काच. एक्स-रे फिल्म आणि काजळी धरलेली काच नको: अंधार पडतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आत येतच राहतात. मुलं बरोबर असतील तर खिशातल्या आरशावर पाच मिलिमीटर भोकाचा कागद चिकटवा आणि दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर कवडसा पाडा. नऊ सेंटिमीटरचं बिंब मिळतं आणि दहा जण एकदम बघतात. आरसा हातात धरला तर बिंब थरथरतं, म्हणून कणकेच्या गोळ्यात रोवा. विरळ ढगातून सूर्य मऊ दिसतो म्हणून चष्मा काढणं, धोका होतो तो नेमका इथे.

ढगांचा भरवसा नसेल त्यांनी सकाळी उपग्रहचित्र बघून मुरबाडमार्गे माळशेज ओलांडावा. ओतूर-जुन्नरकडे पर्जन्यछायेत ढगांना फटी जास्त असतात. नऊच्या आत निघा. घाटात दरड आली तर दिवस गेला, म्हणून सुटी एकट्या या बेतावर लावू नये. खर्चाची तयारी असेल तर थेट इजिप्तमधलं लक्सर: तिथे हेच ग्रहण सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे आणि आकाश कोरडं. ऑगस्टमधला उन्हाळा तेवढा सोसावा लागेल.

१२ ऑगस्ट २०२६ चं खग्रास आणि ६ फेब्रुवारी २०२७ चं कंकणाकृती इथून दिसत नाहीत, त्यासाठी चष्मे घेऊ नका. २१ मे २०३१ ला भर दुपारी ग्रहण आहे. सूर्य इथे जवळपास डोक्यावर असेल, त्यामुळे टॉवरचा प्रश्न नाही, मानेचा आहे. चटई घेऊन गच्चीवर आडवे व्हा. इथून ते खंडग्रास दिसेल; कंकण बघायचं तर केरळ-तामिळनाडूचा दक्षिण भाग. २० मार्च २०३४ ला खग्रासपट्टा कारगिलवरून जातो. ठाण्यात त्या दिवशी दुपार उतरताना खंडग्रास असेल, आणि मार्चचं आकाश सहसा कोरडं असतं. पण सूर्य तेव्हा जास्त खाली असेल, म्हणून टॉवरचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.