अकरा ऑक्टोबर की दहा नोव्हेंबर: पेनसिल्व्हेनियातील माझ्या पहिल्या मताचा अनुभव

टपाली मतपत्रिकेच्या बाहेरच्या पाकिटावर मी तारीख घातली, ती आधी ११ आणि मग १०. दिवस होता शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४. साताऱ्याच्या शाळेत वहीच्या कोपऱ्यात तारीख घालायला शिकले तेव्हापासून माझा हात आधी दिवस आणि मग महिना असाच चालतो, आणि या देशात अठरा वर्षे काढूनही घरी निवांत बसून पेनाने लिहिताना त्याने जुनीच वाट धरली. चौकटींचा क्रम अमेरिकी पद्धतीचा, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस असा होता. त्यामुळे काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयाने माझी तारीख १० नोव्हेंबर अशी वाचली. मतदानाचा दिवस ५ नोव्हेंबर. जी तारीख अजून उजाडलीच नव्हती ती घातलेले पाकीट त्यांनी बाजूला काढले आणि माझे आयुष्यातील पहिले अमेरिकी मत रद्द ठरवले.

त्याआधीचे सगळे सुरळीत झाले होते. नागरिकत्वाचा अर्ज, मुलाखत आणि तेव्हा शंभर प्रश्नांतून विचारले जात ते दहा प्रश्न पार पडले, जून महिन्यात शपथ झाली आणि मतदार नोंदणीचा फॉर्म शपथविधीच्या दारातच हातात मिळाला. नोंदणीला पंधरा मिनिटे लागली. ५ नोव्हेंबरला मंगळवार होता, त्या दिवशी येथे सार्वजनिक सुट्टी नसते आणि रुग्णालयातील प्रयोगशाळेतली माझी पाळी बारा तासांची असते, म्हणून मी टपाली मतदान निवडले. २०१९ च्या कायद्यापासून पेनसिल्व्हेनियात त्यासाठी कोणतेही कारण द्यावे लागत नाही.

एका पाकिटासाठी मी पुढचे तीन आठवडे का घालवले, हे ज्यांना विचारावेसे वाटेल त्यांना येथील हिशेब सांगावा लागेल. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातील एकूण मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. राज्यांना आणि राजधानी वॉशिंग्टनला मिळून ५३८ इलेक्टोरल मते असतात, त्यांतील २७० मिळवणारा जिंकतो, आणि मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जो एका मताने पुढे असेल तो त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते घेऊन जातो. बहुतेक राज्यांचा कल आधीच ठाऊक असतो. २०२४ मध्ये खरी लढत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांतच होती, आणि त्या सातांत सर्वांत मोठे, १९ इलेक्टोरल मतांचे राज्य आमचे होते. माझी नणंद डेलावेअर नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत एडिसनला राहते. त्या राज्याची १४ मते १९८८ नंतर रिपब्लिकन उमेदवाराला कधीही मिळालेली नाहीत, त्यामुळे तिच्या दारात त्या संपूर्ण मोसमात एकही प्रचारक आला नाही. आमच्या दारात मात्र सप्टेंबरपासून दर शनिवारी कोणी ना कोणी उभे असे, आणि टपालपेटी प्रचारपत्रकांनी भरून जाई.

हा फरक किती बारीक असतो, हे मी स्वतः कागदावर मांडून पाहिले आहे. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले. या राज्यात नऊ हजारांहून अधिक मतदान केंद्रे आहेत. भागाकार केला की केंद्रामागे जेमतेम पाच मते येतात. आमच्या केंद्रावर पाच माणसे म्हणजे आमच्या गल्लीतील दोन घरे. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील फरकांची बेरीज ७८ हजारांच्या आतच राहिली, आणि देशभरात हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही त्या हरल्या. २०२० मध्ये जो बायडेन देशात सुमारे ७० लाख मतांनी पुढे होते, तरीही ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन येथील मिळून ४३ हजार मतांच्या आधारावर त्यांचा विजय उभा होता. ती तीन राज्ये उलटली असती तर दोन्ही बाजूंना २६९ मते मिळून बरोबरी झाली असती. हे आकडे मनात असताना आपले पाकीट एका कोपऱ्यात रद्द म्हणून पडले आहे, हे मला सहन होणे शक्य नव्हते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिच्यामुळेच मी वाचले. टपाली मतपत्रिकेच्या अर्जात ई-मेलचा रकाना ऐच्छिक असतो, तो रिकामा सोडू नये. मला १८ ऑक्टोबरला जो निरोप आला तो राज्याच्या संगणकप्रणालीकडून त्या ई-मेलवर आला. पाकिटावरील तारीख चुकीची असल्यामुळे मत मोजले जाणार नाही, असे त्यात लिहिले होते. तो रकाना मी भरला नसता तर माझे मत बाद झाल्याचे मला कदाचित कधीच कळले नसते. त्याच वर्षी राज्यातील एका काउंटीने अशी पाकिटे केवळ ‘मिळाली’ एवढीच नोंद करून मतदारांना अंधारात ठेवले होते, आणि ते प्रकरण न्यायालयात गेले होते.

सोमवारी, २१ ऑक्टोबरला, रजा टाकून मी काउंटीच्या कार्यालयात गेले. तो मतदार नोंदणीचा शेवटचा दिवस होता, हे मला लक्षात ठेवायला हवे होते. रांग इमारतीच्या बाहेर वळसा घालून वाहनतळापर्यंत गेली होती. नवी नोंदणी करणारे, जागेवरच अर्ज करून टपाली मतपत्रिका घेणारे आणि माझ्यासारखे दुरुस्तीसाठी आलेले, असे सगळे एकाच रांगेत होते. कोणाला कोठे जायचे आहे हे विचारणारा एकही माणूस बाहेर नव्हता. साडेतीन तासांनी मी खिडकीपाशी पोचले.

‘तुमचे पाकीट आमच्याकडे वेळेत आलेले आहे,’ खिडकीतील बाई म्हणाल्या.

‘मग मी येथेच तारीख दुरुस्त करते. पाकीट माझे आहे, सही माझी आहे, ओळखपत्र सोबत आहे.’

‘आमच्या काउंटीत तशी सोय नाही.’

‘मग नवी मतपत्रिका द्या.’

‘ती देता येत नाही, कारण पहिली आलेली आहे.’

‘मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन मत देते.’

‘तेथे तुम्हाला प्रोव्हिजनल, म्हणजे तपासणीनंतरच मोजायची की नाही ते ठरणारी तात्पुरती मतपत्रिका देतील, पण ती मोजली जाईलच असे मी सांगू शकत नाही. तुमचे टपाली पाकीट वेळेत आलेले आहे ना.’

म्हणजे आलेले पाकीट मोजायचे नाही, आणि ते आलेले आहे म्हणून दुसरे मतही धरायचे नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. त्या बाईंशी माझे भांडण नाही, त्या दिवसभर उभ्या होत्या आणि शेवटपर्यंत सौजन्याने बोलत होत्या. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे, जिच्यात ६७ काउंट्यांचे ६७ रिवाज असतात. २०२४ मध्ये नदीकाठच्या एका काउंटीत मतदाराला बोलावून घेऊन तारीख दुरुस्त करू देत होते, शेजारच्या काउंटीत तीच चूक अक्षम्य ठरत होती, आणि दोघांची मते मात्र एकाच अध्यक्षासाठी, एकाच १९ च्या गठ्ठ्यासाठी धरली जात होती. भारतातून आलेल्या माणसाला हे पचवणे फार जड जाते. आपल्याकडे गडचिरोलीच्या केंद्रावर आणि कुलाब्याच्या केंद्रावर एकाच निवडणूक आयोगाचे एकच नियम चालतात. येथे देशपातळीवर निवडणूक घेणारा आयोगच नाही. देशाचा अध्यक्ष शेवटी काउंटीच्या खिडकीवर ठरतो, आणि त्या खिडकीमागे किती माणसे बसवायची हेही काउंटीच ठरवते.

याहून मोठा संताप त्या तारखेचा आहे. पाकीट कार्यालयात पोचले की त्यावरील बारकोड वाचून ते कधी आले याची नोंद संगणकात होते. मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पोचलेले पाकीट चालते आणि नंतरचे चालत नाही, मग टपालाचा शिक्का कोणत्याही दिवसाचा असो. मतदाराने हाताने लिहिलेली तारीख यांतील कोणत्याही निर्णयासाठी वापरली जात नाही. तरीही २०२२ च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात तारीख नसल्यामुळे किंवा चुकल्यामुळे १० हजारांहून अधिक मते बाद झाली. मिशिगनने २०१६ मध्ये आपली सगळी इलेक्टोरल मते १०,७०४ मतांच्या फरकाने एका बाजूला दिली होती, हे आठवले की हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

बुधवारी, २३ ऑक्टोबरला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा एका दुसऱ्या काउंटीच्या प्रकरणात निकाल आला. मतपत्रिका आधी ज्यात घालायची ते आतील गोपनीयतेचे पाकीट न वापरल्यामुळे ज्यांची टपाली मते बाद झाली होती, त्यांनी केंद्रावर दिलेली प्रोव्हिजनल मते मोजावीत, असे न्यायालयाने सांगितले. माझी चूक वेगळी होती, पण तर्क तोच होता: बाद झालेले मत हे मत नव्हेच, म्हणून दुसरे मत दुबार ठरत नाही. शुक्रवारी मी पुन्हा गेले, या वेळी कार्यालय उघडण्याच्या तासभर आधी. निकालाची छापील प्रत सोबत नेली होती. खिडकीत दुसरे गृहस्थ होते. त्यांनी आत जाऊन कोणाला तरी विचारले, वीस मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, ‘प्रोव्हिजनल मत द्या. आता ते मोजले जायला हवे.’ मी त्यांना ते वाक्य लेखी मागितले. ते मिळाले नाही, म्हणून मी त्यांच्यासमोरच वहीत तारीख आणि वेळ टिपून घेतली.

त्यानंतर दिवाळी आली. ३० ऑक्टोबरला राज्याच्या खालच्या एका न्यायालयाने तारखेवरून मते बाद करणे घटनाविरोधी ठरवले. ते वाचून मी यजमानांना उठवून सांगितले. १ नोव्हेंबरला राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल या निवडणुकीला लागू होणार नाही, असे स्पष्ट केले. चकलीचे पीठ मळता मळता मी फोनवर ही बातमी वाचली, आणि नणंदेचा फोन आला तेव्हा माझे बोलणे इतके तुटक झाले की तिने विचारले, ‘वहिनी, घरी सगळे ठीक आहे ना?’

मतदानाच्या दिवशी पाळी बदलून घेतली आणि सकाळी सात वाजता अग्निशमन केंद्रात गेले. तेथे दहा मिनिटांत काम झाले. केंद्राच्या प्रमुखांना येथे ‘जज ऑफ इलेक्शन’ म्हणतात. ते त्याच वॉर्डातून निवडून आलेले असतात. त्यांनी यादीत माझ्या नावासमोरची खूण पाहिली आणि काही न विचारता प्रोव्हिजनल मतपत्रिका काढली. एखाद्या केंद्रावर ती देण्यास खळखळ झाली तर मागून घ्यावी, मतदाराचा तो हक्क आहे. तिच्या पाकिटावर मतदाराला दोन ठिकाणी सही करावी लागते, एक मत देण्यापूर्वी आणि एक नंतर, आणि त्यांतील एक राहिली तर हेही मत बाद होऊ शकते. शेवटी मिळणाऱ्या चिठ्ठीवरील क्रमांक जपून ठेवावा, मताचे पुढे काय झाले ते त्यावरूनच कळते. त्या केंद्रावर प्रथमच मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून वाहन परवाना खिशात असू द्यावा. आणि ज्यांनी टपाली मतपत्रिका मागवली आहे पण अजून पाठवलेली नाही, त्यांनी ती दोन्ही पाकिटांसह केंद्रावर नेऊन परत केली तर त्यांना नेहमीसारखे यंत्रावर मत देता येते. हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी ते पाकीट पाठवलेच नसते.

त्या रात्री पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांच्याकडे गेले, सुमारे १ लाख २० हजार मतांनी. फिलाडेल्फिया शहरात डेमोक्रॅटिक उमेदवाराला चार वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ३५ हजार मते कमी पडली होती, आणि नॉर्थॅम्प्टन व ईरी या काउंट्या २०१६ आणि २०२० प्रमाणेच या खेपेसही राज्याच्या विजेत्याबरोबर गेल्या. मी कोणाला मत दिले ते येथे लिहिणार नाही, कारण अनुभव कोणत्याही बाजूच्या मतदाराला हाच आला असता. राज्यातील सिनेटची जागा तर सुमारे ७० लाख मतांतून १५ हजारांच्या फरकावर अडली होती, आणि दोन्ही पक्षांचे वकील माझ्यासारख्याच पाकिटांवरून वाद घालत होते. त्या दिवसांत मी रोज सकाळी चिठ्ठीवरील क्रमांक टाकून पाहत असे आणि रोज ‘निर्णय प्रलंबित’ असे उत्तर येत असे.

१९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते उत्तर बदलले: मत मोजले गेले. मी ते दोनदा मोठ्याने वाचले. साताऱ्यात तेव्हा २० तारखेची सकाळ झाली होती, महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान होते आणि भाऊ मतदार चिठ्ठी घेऊन निघाला होता. सहा महिन्यांपूर्वी मुंबई उत्तर पश्चिममध्ये लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागलेला त्याच्या ध्यानात होता, त्यामुळे एका मतासाठी ताईने एवढा खटाटोप का केला, हे त्याने विचारले नाही. त्याने एवढेच विचारले, ‘पण ताई, पाकीट कधी आले ते त्यांना यंत्रावरून कळते, तर मग तारीख घ्यायचीच कशाला?’ दोन्ही खेपांना त्या खिडकीपाशी मी हाच प्रश्न विचारला होता, आणि सांगण्यासारखे उत्तर माझ्याजवळ तेव्हाही नव्हते.