चार पाऊण तीन

अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ मेला, सकाळी सहाच्या आधीच मी दोन पोरांना घेऊन स्वारगेटला उभा होतो. थोरली आठ वर्षांची, धाकटा साडेचार, बायकोला सुट्टी मिळाली नाही म्हणून ती घरीच, आणि दोघांना एकट्याने घेऊन आठवडाभर कुठे जायची माझी ही पहिलीच वेळ. जायचं होतं गुहागरला काकांकडे. मी लहान असताना दरवर्षी जायचो, मग कॉलेज, नोकरी, लग्न यात ते सुटलं ते सुटलंच, आणि पोरांनी तर ते घर फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं.

मुद्दाम एसटीने गेलो. धाकट्याला तिकीट नाही, पाच वर्षांखालच्यांना लागत नाही, थोरलीचं अर्धं, आणि तिला तिचं स्वतःचं वेगळं तिकीट हातात मिळालं याचंच इतकं अप्रूप की ते तिने गुहागर येईपर्यंत मुठीत धरून ठेवलं, शेवटी घामाने त्यावरची शाई उडाली. उंब्रजला हायवे सोडला, मग पाटण, कोयनानगर, आणि घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा एक आजी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन खिडकीखाली आल्या. मी दोन द्रोण घेतले आणि पोरांना कोंबडा-कोंबडी शिकवलं. करवंद दाताने अर्धं तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आणि तोडायच्या आधी ओळखायचं. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत हाच खेळ चालू, शेजारच्या सीटवरचे काकाही त्यात उतरले आणि त्यांचे सगळ्यात जास्त बरोबर आले. धाकट्याला घाट लागेल म्हणून मी पिशव्या काढून तयार बसलो होतो पण त्याला उलटी व्हायला वेळच नव्हता.

घाट उतरला की हवाच बदलते. वरचा कोरडा उन्हाळा संपतो आणि अंगाला चिकटणारा सुरू होतो. चिपळूणला गाडी बराच वेळ थांबली, मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागरला पोचलो तेव्हा चार वाजले होते.

गुहागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, गाव समुद्राला समांतर लांबच लांब पसरलंय, वरचा पाट, खालचा पाट असे भाग, मधे व्याडेश्वराचं देऊळ, आणि रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला जी घरं आहेत त्यांचं पुढचं दार रस्त्याला आणि मागचं दार नारळ-पोफळीच्या वाडीत. वाडी संपली की सुरूची झाडं, सुरू संपले की थेट वाळूची पुळण. म्हणजे समुद्र घराच्या मागे असतो, परसात असल्यासारखा. पोरांनी बॅगा ओटीवर टाकल्या आणि वाडीकडे धावली, आणि काकांनी झोपाळ्यावरून उठताही न हाक मारली, "थांबा रे, आज तिथी काय?"

थोरली माझ्याकडे बघायला लागली. आतून काकू म्हणाल्या, "विनायकी आहे आज, चतुर्थी."

"चार पाऊण तीन," काका म्हणाले. "तीनला भरती झाली, आता पाणी उतरतंय, नऊला पुरी ओहोटी. जा आत्ता, पण गुडघ्याच्या वर नाही जायचं. उतरतं पाणी आत ओढतं."

या एका वाक्यावर आमचा पुढचा आठवडा गेला असं म्हटलं तरी चालेल.

थोरलीच्या डोक्यात ते अडकूनच बसलं. समुद्र बघताना, अंघोळ करताना, जेवताना, एकच, आजोबांना न बघता कसं कळलं? दुसऱ्या दिवशी सकाळी घावन खाताना काकांनी तिला सांगितलं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. प्रतिपदेला एक, पंचमीला पाच, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा. येईल ती वेळ दिवसाचीही आणि रात्रीचीही, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. पण पोरीला पाऊण म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तिला थ्री फोर्थ माहितीय, पाऊण नाही. मला खरंच वाईट वाटलं, कारण आम्ही घरात मराठीच बोलतो, तरी घड्याळ मात्र तिला आम्ही इंग्लिशमधूनच सांगत आलो, पावणेचार हा शब्द तिने आमच्या तोंडून ऐकलाच नसणार. मग काकूंनी तिच्या ताटातल्या घावनाचे चार तुकडे केले, एक धाकट्याला दिला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे उरलं ते पाऊण घावन." झालं, कळलं तिला.

काकांना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे. त्यांच्या शाळेत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं म्हणून घ्यायचे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. झोपाळ्याच्या लयीत ते म्हणायचे आणि पोरगी मागून म्हणायची, आणि धाकटा काहीही न कळता जोरात फक्त "पाऊण" तेवढं म्हणायचा. मी रात्री पडल्यापडल्या विचार केला की हे बरोबर कसं येत असेल. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागे मागे सरकते, पंधरा तिथ्यांत मिळून बारा तास सरकते, म्हणजे रोजची ४८ मिनिटं. आणि पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक, पण ४८ ने गुणायला कागद लागेल आणि पाऊणकी होडीत बसूनही म्हणता येते. कोणी शोधलं असेल हे, किती पिढ्यांनी किनाऱ्यावर उभं राहून.

मग दिवस तसेच लागत गेले. पंचमीला पावणेदहाला ओहोटी म्हणून सकाळी सातलाच निघायचं, पाणी उतरत जातं तशी ओली वाळू मोकळी होते आणि त्यावर बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढलेली असते, ती मोडू नये म्हणून धाकटा टाचा उचलून चालायचा. नऊ वाजता ऊन चढलं की परत. विहिरीवर अंघोळ, मऊ भात, मेतकूट, तूप. मग संध्याकाळी पाचपर्यंत घराबाहेर नाही, हा काकूंचा नियम.

आणि ती दुपार! मला वाटलेलं दुपारी पोरं माझा मोबाईल मागतील. मागितलाच नाही असं नाही, पहिल्या दिवशी दोनदा मागितला. पण काकूंच्या दुपारी कामाच्या असतात आणि त्या कुणाला रिकामं बसू देत नाहीत. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेले, टोपलीभर. ते अर्धे चिरायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं वेगळी. गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची आणि उन्हात वाळवायची, परत दुसऱ्या दिवशी रसात, परत उन्हात, असं चार-पाच दिवस केलं की काळं आमसूल होतं. बियासुद्धा टाकत नाहीत, त्यांचं मुठेल निघतं, थंडीत पाय फुटले की तेच लावायचं. सालांच्या काही वाट्यांत साखर भरून बरणीत, ते सरबताला. धाकट्याला चिरायला सुरी दिली नाही पण बिया काढायचं काम दिलं, तर तो दोन-दोन तास बसायचा, मांडी घालून, जीभ बाहेर काढून. बोटं लालभडक. पुण्यात एक चित्र रंगवायला बसवलं तर पाच मिनिटांत उठणारा हा मुलगा. मला वाटतं त्याला कळत होतं की हे खरं काम आहे, हे झाल्यावर आजी ते वापरणार आहे.

थोरलीकडे आंब्यांची अढी होती. आतल्या अंधाऱ्या खोलीत गवतावर हापूस मांडलेले, रोज एकेक उचलून वास घ्यायचा, देठाजवळ हलकं दाबून बघायचं, तयार तो बाहेर, डागाळलेला वेगळा. काकूंनी तिला एकदाच दाखवलं. तिसऱ्या दिवशी मी एक आंबा उचलला तर म्हणाली, "बाबा तो उद्याचा आहे, ठेव." पण खरं सांगायचं तर पोरांना हापूसपेक्षा बिटक्याच आवडल्या, त्या छोट्या रायवळ, हातात पिळून पिळून मऊ करायच्या, वरचा चीक दोन थेंब टाकून द्यायचा आणि तोंडाला लावायच्या. कोपरापर्यंत ओघळ. अंघोळ परत करायला लागायची, कुणाची तक्रार नाही.

एक गोष्ट माझी चुकली, ती लिहितो. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. थोरलीचा हट्ट की पुरी ओहोटी कशी दिसते ते बघायचंच. काकू नको म्हणत होत्या, मी म्हटलं दहा मिनिटांत येतो. सुरूच्या सावलीतून बाहेर पडलो आणि शंभर पावलांवर धाकटा किंचाळला. त्याच्या चपलेत वाळू गेली होती आणि वाळू तव्यासारखी तापलेली. त्याला उचलून खांद्यावर घेतलं, थोरलीला म्हटलं पळ, ओल्या वाळूपर्यंत पळ, ती पळाली, पाय पाण्यात घालून उभी राहिली आणि मग आता परत कसं जायचं म्हणून रडायला लागली. शेवटी माझा शर्ट काढून पुढे पुढे टाकत, त्यावर तिला उभं करत आणलं. घरी आल्यावर काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दोघांच्या तळव्यांना गार पाणी आणि मग लोणी लावत बसल्या. धाकट्याच्या एका तळव्याला लाल चट्टा दोन दिवस होता. लहान पोरं घेऊन कोकणात मेमध्ये जात असाल तर दहा ते पाच पुळणीवर जाऊच नका, दहा मिनिटंही नको, बूट असले तरी नको.

समुद्रावर कासवांच्या अंड्यांसाठी जाळीचं कुंपण केलेलं असतं, तिथे दोन सकाळी गेलो. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास, आणि पिल्लं बाहेर यायला पन्नास-पंचावन्न दिवस जातात, म्हणून मेच्या सुरुवातीला शेवटची घरटी उरलेली असतात. आम्हाला पिल्लं दिसली नाहीत. मी पोरांना बागेश्रीची गोष्ट सांगितली, २०२३ च्या फेब्रुवारीत इथेच गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले, एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री, आणि बागेश्री खाली उतरत उतरत श्रीलंकेपर्यंत गेली. धाकट्याने विचारलं तिने तिकीट काढलं का, थोरली म्हणाली ती पाच वर्षांच्या वर होती तर लागणार. मग तो कुंपणाशी बसून वाळूला हळू आवाजात काहीतरी सांगत होता, काय ते मी विचारलं नाही.

पण काठीचं सांगायचं राहिलं. सप्तमीला, म्हणजे त्या भाजलेल्या दुपारच्या आदल्या संध्याकाळी, थोरलीने काकांचं गणित तपासायचं ठरवलं. सात पाऊण सव्वापाच. काकूंचा पाचचा नियम त्या दिवसापुरता मोडून साडेचारलाच आम्ही पोफळीची एक काठी घेऊन गेलो, पाण्याच्या काठाला रोवली, पाणी तिच्यापुढे गेलं की उपटून परत पुढे रोवायची. पाच वाजता पाणी काठीपाशी येऊन अडलं, येतंय जातंय, येतंय जातंय, पुढे सरकेना. साडेपाचला स्पष्ट दिसलं की मागे जातंय. ती ओरडत घरी पळाली. "आजोबा पंधरा मिनिटं चुकली!" काका म्हणाले, "अगं तो अदमास आहे, समुद्र काय एसटी आहे?" आणि मग म्हणाले की सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही, खरं बघायचं तर पौर्णिमेला बघ, उधाण आलं की सुरूच्या मुळापर्यंत येतं.

आम्ही दशमीला निघणार होतो. मग नवमीच्या संध्याकाळी तिने एक करवंटी घेतली, त्यात सुरूची फळं भरली आणि सुरूच्या अगदी पुढच्या झाडापासून चार पावलं खाली नेऊन ठेवली. तिथली वाळू कोरडी ठणठणीत, पाणी कितीतरी लांब. काकांना जागा दाखवून ठेवली, दोनदा. पौर्णिमेला बघा, म्हणाली.

निघताना काकूंनी आमसुलं बांधून दिली, अजून पुरती वाळली नव्हती म्हणून घरी दोन दिवस ऊन दाखव म्हणाल्या, आणि धाकट्याला सांगितलं की ही तू बिया काढलेल्या रतांब्यांची. तो एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन झोपला.

१२ मेला बुद्धपौर्णिमा होती, सगळे घरी. सकाळी उठल्यापासून थोरली कॅलेंडरसमोर. पंधरा पाऊण किती हे तिला येत नव्हतं, दहा पाऊण साडेसात आणि पाच पाऊण पावणेचार अशी बोटांवर बेरीज करून तिने सव्वाअकरा काढलं. अकराला फोन केला तर काकू म्हणाल्या, ते छत्री घेऊन कधीच गेलेत. पाऊण तास कुणी फोनजवळून हललं नाही. पावणेबाराला काकांचा फोन आला.

"गेली गं करवंटी. माझ्या डोळ्यासमोर गेली. आधी तरंगली, मग फिरली, मग गेली."

थोरलीने दोन्ही हात वर केले. धाकट्याचा मात्र चेहरा पडला. म्हणाला, मग ती आता परत नाही येणार?

तिने त्याच्याकडे बघितलं, परत कॅलेंडरकडे बघितलं, बोटं मोजली.

"सव्वापाचला ओहोटी," ती म्हणाली. "आजोबांना तेव्हा परत फोन करू."