आमचा धाकटा रिओला पोचला!

१९७१ पासून चालत आलेली केपटाऊन ते रिओ शिडाच्या बोटींची शर्यत, ३,००० हून जास्त सागरी मैल, आणि ती आमच्या धाकट्यानं पुरी केली! आज संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई देवापाशी दिवा लावायचा सोडून धावत आली. पोरगं उन्हानं रापलंय, खाऱ्या पाण्यानं बोटांची सालं निघालीत, पण चेहरा नुसता फुललेला.

आता बोट केपटाऊनला परत न्यायचीय. शर्यतीची महागडी शिडं उतरवून जुनी, जाड शिडं चढवलीत. दोरीला लटकून डोलकाठीच्या टोकापर्यंत जाऊन यानं एकेक तार, एकेक पिन चाचपून बघितली. जाताना पाठीशी असलेले आग्नेयेचे व्यापारी वारे येताना तोंडावर. म्हणून सरळ यायचंच नाही. आधी दक्षिणेला उतरून पश्चिमी वारे गाठायचे, मग पूर्वेला. तिकडं थंडी आणि डोंगराएवढ्या लाटा. माझ्या मते शर्यतीपेक्षा हीच वाट अवघड, आणि इथं टाळ्या वाजवायला कुणी नाही.

आयर्विन पुलापाशी कृष्णेत पोहायला शिकलेलं पोर हे! लई अभिमान वाटतोय.

आईनं विचारलं, "डाळ-तांदूळ भरलास का?" तर म्हणतो, "भरलाय, पण मेतकूट संपलं गं."

परवा निघतोय. सांगलीकर, आशीर्वाद असू द्या.