चिनी मातीपासून झिओलाइट

सिंधुदुर्गातल्या चिनी मातीचा डबा आमच्या प्रयोगशाळेत कायम भरलेला असतो. एम.एस्सी.च्या मुलांकडून झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं बारीक छिद्रांचं स्फटिक, करून घ्यायचं म्हटलं की मी विकतची रसायनं बाजूला ठेवते आणि तो डबा काढते. त्यातल्या झिओलाइट-ए या प्रकाराला सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकास एक लागतं, आणि चिनी मातीतल्या केओलिनाइट या मुख्य खनिजामध्ये ते मुळातच तेवढं असतं. १९४९च्या सुमारास अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी हे झिओलाइट पहिल्यांदा घडवलं. आपल्या नाशिक-जळगावकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही नैसर्गिक झिओलाइटं भरपूर सापडतात, पण ‘ए’ नाही. ते करावंच लागतं.

माती आधी भट्टीत ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोनेक तास भाजायची. मातीच्या रचनेतलं पाणी निघून जातं, थर विस्कटतात. एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीच्या) आलेखात केओलिनाइटचं १२.४ अंशांच्या कोनाजवळचं टोकदार शिखर गायब होतं, पसरट उंचवटा तेवढा उरतो. “मॅडम, सगळं गेलं की!” असं मुलं दरवर्षी म्हणतात. जायलाच हवं; विस्कटलेली मातीच कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात चटकन विरघळते. पण हजार अंशांकडे नेलीत तर म्युलाइट या न विरघळणाऱ्या खनिजाच्या वाटेला लागते आणि उपयोगाची राहत नाही.

मग साधारण ३ मोलर कॉस्टिक सोडा, ९० ते ९५ अंश, झाकणबंद पॉलिप्रॉपिलीनची बाटली. काचेचं भांडं मी वापरूच देत नाही. गरम कॉस्टिक काच खातं, सिलिका वाढते आणि प्रमाण बिघडतं. काही तासांत एक्सआरडीत ७.२ अंशांवर ‘ए’चं नवं शिखर दिसू लागतं. इथे थांबता आलं पाहिजे. बाटली फार वेळ तशीच ठेवली तर ‘ए’ मोडून सोडालाइट हे दुसरंच स्फटिक होतं आणि त्याची छिद्रं आपल्या कामाला फार बारीक. माझ्या मते या प्रयोगातलं खरं कसब हेच.

धुऊन वाळवलेली पांढरी पूड विहिरीच्या जड पाण्यात घालून ढवळायची, गाळायची, मग साबण. आधी नुसता दह्यासारखा साका धरणाऱ्या त्याच पाण्याला घट्ट फेस येतो. पाणी जड करणारा एक कॅल्शियम झिओलाइटच्या आत जातो, दोन सोडियम बाहेर येतात. कपड्यांच्या पावडरीत हेच झिओलाइट याच कामासाठी घालतात.

आणि झिओलाइट गाळून घेतल्यावर उरलेलं कॉस्टिक सिंकमध्ये ओतू नका. ताकद तपासून पुढच्या खेपेला वापरता येतं.