प्रेक्षक जमवण्याचा धंदा : आमची वाटचाल

कोल्हापुरात नाटकाचं बुकिंग घेऊन बसलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘कोण कोण आहे?’ दुसरा, ‘पुढचं मिळंल काय?’ नाटक कशावर आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर येणाऱ्या नाटकांचं यात भागतं. जाहिरातीतला चेहरा निम्मी तिकिटं खपवतो. इथल्या हौशी आणि प्रायोगिक मंडळींकडे तो चेहरा नसतो. त्यांना प्रेक्षक मिळवून द्यायचा आणि त्यांच्यातलीच एक-दोन माणसं या कामात तयार करायची, हा आमच्या छोट्या फर्मचा उद्योग.

मी आलो तो दौऱ्यांचा स्थानिक व्यवस्थापक म्हणून. नाटक कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, मंडळींचं राहणं-जेवण आपल्या अंगावर, आणि उरलं तर आपलं. शिकवणारं कुणी नव्हतं. जुन्या बुकिंगवाल्या काकांच्या शेजारी बसायचं आणि खुर्च्यांच्या प्लॅनवर पेन्सिलीने खुणा करता करता शिकायचं. काकांना गिऱ्हाईक पाठ. अमुक डॉक्टरांना कडेची खुर्ची लागते, मध्येच फोन येतो. अमुक बाईंना संगीत नाटक असलं तरच कळवायचं. काका थकले आणि ती सगळी माहिती त्यांच्याबरोबर घरी गेली.

म्हणून फर्म काढल्यावर पहिली खरेदी केली ती एका जाड वहीची. तिकीट देताना नाव, नंबर, गाव आणि ‘याआधी काय पाहिलंत?’ एवढंच विचारायचं. कळवलेलं चालेल का, तेही. पुढे वहीची एक्सेल शीट झाली, प्रश्न तेच राहिले. प्रयोगाच्या आठवड्यात सगळ्यांना एकच मेसेज धाडायचा नाही, हा आमचा नियम. एकांकिका बघणाऱ्याला वेगळा निरोप, मुलांना घेऊन येणाऱ्यांना वेगळा, आणि गेल्या वेळी मध्यांतरात उठून गेलेल्यांना चक्क फोन. हे फोन फार कामाचे असतात. नाटक आवडलं नाही म्हणून गेलेले थोडेच निघतात. शेवटची एसटी गाठायची होती, हे कारण जास्त. त्यावरून आम्ही प्रयोगाची वेळ अलीकडे आणायला लावली.

पासवर मात्र माझं कुणाशीच पटत नाही. ‘दोन पास ठेवा की’ म्हणणारा येईलच याची खात्री नाही, आणि त्याची खुर्ची पहिल्या रांगेत रिकामी दिसते. नटाच्या डोळ्यांसमोर! आम्ही पास बंद करून विद्यार्थ्यांसाठी पन्नास रुपयांचं तिकीट ठेवलं. पन्नास रुपये मोजलेला पोरगा पावसातही येतो.

शिक्षणाचा भाग नंतर जोडला गेला. इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून या संस्थांनी मिळून ‘स्मार्ट’ हा नाट्यसंस्थांसाठीचा व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवला, तेव्हा हे शिकवता येतं यावर माझा विश्वास बसला. पण आमच्याकडे येणारे शाळेत, बँकेत, एमआयडीसीत नोकरी सांभाळून तालमीला जाणारे. इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लज, बेळगाव इथून रविवारी येतात. त्यांना मोठाले तक्ते दाखवून उपयोग नसतो. पहिल्या रविवारी एका प्रयोगाचा हिशेबाचा कागद समोर ठेवतो : भाडं, लाइट, साउंड, टेम्पो, लेखकाचं मानधन, चहा. चहाचा आकडा बघून सगळे हसतात आणि लेखकाच्या मानधनाची ओळ रिकामी दिसली की गप्प होतात. मग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, लेखकाची परवानगी, तिकिटाचा दर. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हे अनेकांना तिथेच कळतं. दुपारी प्रत्येकाने अनोळखी माणसाला फोन करून एक तिकीट विकायचं. रंगमंचावर तलवार चालवणाऱ्यांचा आवाज इथे बसतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. धंदा म्हणून पाहिलं तर आमचं मोठं सभागृह एका रात्रीत गेलं. घेतलेल्या तारखा सुटल्या, दौरे रद्द झाले. यादीतल्या लोकांचे मात्र फोन येत राहिले : आता कुठे करताय? आम्ही शाहू स्मारक भवनात, शाळांच्या हॉलमध्ये छोटे प्रयोग लावले. मोठ्या नेपथ्याची नाटकं तिथे बसत नाहीत, पण ज्या गटांना मोठ्या नाट्यगृहाचं भाडंच परवडत नव्हतं त्यांचे दिवस आले. केशवराव पुन्हा उभं राहील तेव्हा हे गट तिथे जातील का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझ्या भागीदाराच्या मते जातील. मला वाटतं, निम्मे इथेच रमतील.

आमची फी ठरावीक असते, गल्ल्यावर टक्केवारी घेत नाही. टक्केवारी घेतली की व्यवस्थापक फक्त विकणारी नाटकं धरतो, हे मी दौऱ्यांत पाहिलंय. यंदा गटांबरोबर नवा करार करतोय : दोन वर्षांनी प्रेक्षकांची यादी गटाच्या ताब्यात आणि ती सांभाळणारं माणूसही गटातलंच. म्हणजे आमचं एक गिऱ्हाईक कमी. भागीदार यावरही नाराज आहे.