बार्शी लाइटचं इंजिन, नोंद सातवी: चाकं आली, वादही झाला

बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची सहाव्या हिश्शाची प्रतिकृती मी बनवतो आहे. शनिवारी कुपवाड एमआयडीसीतून तिच्या चाकांची कास्टिंगं (ओतीव तुकडे) आणली. आठ हवी होती, दहा ओतून घेतली. दोनांत भोकं निघाली, म्हणजे हिशेब बरोबर बसला. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना शंभराला एक भाग आक्रसतं, तेवढा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, या खेपेला मोठा केला होता. (गेल्या खेपेचं विचारू नका.) बोगीची चार चाकं अजून बाकी.

फाउंड्रीतले मिस्त्री म्हणाले, "माथेरानच्या मिनी ट्रेनचं काय हो हे?" तिथंच अर्धा तास गेला. माथेरानची गाडी मिनी म्हणायची पद्धत पडली आहे खरी, पण ती कुणाची छोटी नक्कल नव्हे. रूळ दोन फुटी, घाट चढायलाच घडवलेली, अस्सल नॅरो गेज, म्हणजे मुळातच अरुंद रुळांसाठी बांधलेली. मोठ्या गाडीची छोटी नक्कल ती मिनिएचर. रुळाच्या मापावरून जात ठरतच नाही. इंग्लंडात सर आर्थर हेवूड यांनी 15 इंची रुळांवर मालवाहतुकीची इंजिनं चालवली. त्याच 15 इंचांवर रोमनी, हाइद अँड डिमचर्च रेल्वेची इंजिनं 1927 पासून धावतात, ती मात्र मोठ्या इंजिनांच्या एकतृतीयांश प्रतिकृती.

फोटोत जात ओळखायला मी रुंदी बघतो. आपल्या ब्रॉडगेजच्या डब्याची रुंदी रुळांतल्या अंतराच्या दुपटीहून किंचित कमी. नॅरो गेजचं अंग अडीच-तीन पट, रुळाबाहेर लोंबणारं.

माझी पंचाईत अशी की माझं इंजिन दोन्ही जातींचं आहे: मूळ नॅरो गेज, आणि माझं त्याची नक्कल. मूळ किटसन या इंग्लिश कंपनीचं 0-8-4 (ओढणारी चाकं आठ, मागे बोगीची चार), 762 मिमी गेज (रुळांतलं अंतर), एका धुरीवर पाच टनांहून जास्त भार नको म्हणून इतकी चाकं. 762 ला 6 ने भागलं की 127, म्हणजे बरोबर 5 इंच. अंग फुगीर, त्यामुळे रुंदीची खूण इथं फसते. मूळ वजन सुमारे 29 टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहाव्या हिश्शाची, म्हणून भागायचं मात्र 216 ने, म्हणजे साधारण 135 किलो. जिना उतरवायचा कसा, ते नंतर बघू.

मिनिएचर ओळखायची खरी जागा पाण्याची काच, म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी. सहाव्या हिश्शाची नळी जेमतेम अडीच मिमी झाली असती. मी 4 मिमीची लावून पाहिली, तर बुडबुडा मध्येच अडकून बसला आणि काच पाणी भरपूर दाखवत राहिली. इंजिन लहान होतं, पाणी नाही. आता 8 मिमीची बसवली आहे. कॅबमध्ये ती भोपळ्यासारखी दिसते.