पेटी उतरवायची संध्याकाळ

आमच्याकडे नाताळ माळ्यावरून येतो. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी मी स्टुलावर चढतो, बायको स्टूल धरते, आई खालून 'जपून, जपून' म्हणत राहते आणि मुलगा फोनवरची नजर न काढता दारातूनच 'बाबा, मी चढतो ना' असं म्हणतो. मग दोन जुन्या बॅगा आणि एक बिघडलेला टेबलफॅन बाजूला सारून शेवटी ती पुठ्ठ्याची पेटी खाली येते. मूळची ती मिक्सरची. तो मिक्सर मोडीत गेला, त्यानंतरचाही गेला, पेटी आहे. तिच्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं छापलंय आणि आम्ही ती दरवर्षी उलटीच ठेवतो.

खुद्द २५ तारखेबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. आदल्या रात्रीची मिस्सा, अपुरी झोप, पाहुणे, फोन, कुणाचा तरी शर्ट ऐन वेळी घट्ट होणं, यात तो दिवस कसा सरतो ते कळत नाही. चांगला जातो, एवढं नक्की. पण मार्चमध्ये कधीतरी बसमध्ये बसल्या बसल्या आठवते ती ही पेटीची संध्याकाळ.

पेटी उघडली की सगळ्यात वर दिव्यांची माळ. माळ म्हणायचं ते सवयीने. प्रत्यक्षात तो फुटबॉलएवढा हिरवा गोळा असतो आणि त्यातून चहूबाजूंनी बारीक दिवे डोकावत असतात. गेल्या जानेवारीत मी ती नीट गुंडाळून ठेवली होती, हे मी शपथेवर सांगतो. दरवर्षी सांगतो. बायको काही बोलत नाही. ती आधी गोळ्याकडे बघते, मग माझ्याकडे.

एका वर्षी मुलगा माझ्या मदतीला धावून आला, तोही विज्ञान घेऊन. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी २००७ साली यावर चक्क शोधनिबंध लिहिलाय म्हणे. खोक्यात दोरी टाकायची, खोकं गरगर फिरवायचं आणि उघडून बघायचं, गाठ बसली का. हे त्यांनी ३,४१५ वेळा केलं! दोरी साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ जवळपास बसतच नाही. लांब असेल तर काही सेकंदांत बसते, आणि गाठींचे प्रकार शंभराच्या वर. दोरीचं मोकळं टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरून-खालून फिरत जातं, वेणी घालावी तसं, आणि झालं काम. या उद्योगाबद्दल दोघांना पुढच्याच वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस.

"म्हणजे यात बाबांचा दोष नाही," मुलगा म्हणाला.

"त्यांनी खोकं फिरवलं होतं," बायको म्हणाली. "आपली पेटी वर्षभर जागची हलत नाही."

यावर विज्ञान गप्प बसलं.

गुंता सोडवायला एकटा माणूस बसला की दहाव्या मिनिटाला त्याला कात्री आठवते. म्हणून आमची बैठक ठरलेली आहे. मी फरशीवर, गोळा माझ्या मांडीत. माळेचं पिनेचं टोक मुलीच्या हातात. बायको सुटलेला भाग खुर्च्यांच्या पाठींवरून पसरत नेते. मुलगा उगीचच इकडून तिकडे फिरत 'हा नाही, तो वेढा' म्हणतो. आणि आई खुर्चीत. तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, पण गाठ तिला आमच्या आधी दिसते. आयुष्यभर लोकर हाताळलेली बाई. "ओढू नकोस रे," ती म्हणते. "ओढलीस की बसली. ढिली कर आधी." मी ओढतोच. मग ती उठून येते, दोन नखांनी काहीतरी करते आणि हातभर माळ अलगद मोकळी होते.

या बैठकीत कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे त्या गोळ्यावर. तिची खरी गंमत यातच आहे असं मला वाटतं. गेल्या खेपेला मुलाने मान वर न करता सांगितलं की त्याला घेतलेली शाखा सोडायची आहे. दोन महिन्यांपासून सांगायचं होतं म्हणे. जेवणाच्या टेबलाशी समोर बसवून विचारलं असतं तर तो 'सगळं ठीक आहे' म्हणाला असता. आणि ठीक नाही म्हणाला असता, तर मी भाषण केलं असतं. इथे माझ्या बोटांत एक चिवट गाठ होती. ती सुटेपर्यंत बोलता येत नव्हतं आणि सुटली तोवर भाषणाची वेळ टळून गेली होती. "बरं," मी म्हणालो. "मग काय घ्यायचं म्हणतोस?" पुढची पंधरा मिनिटं तो बोलत होता. इतका तो त्या अख्ख्या वर्षात बोलला नसेल.

एकदा मात्र मी जिद्दीने माळ नीट ठेवली होती. पुठ्ठ्याला दोन्ही कडांना खाचा पाडल्या आणि प्रत्येक वेढा आपापल्या खाचेत बसवला. पुढच्या डिसेंबरात दहा मिनिटांत माळ झाडावर चढली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि सगळे आपापल्या खोलीत गेले. उरलो मी आणि झाड. दिवे लुकलुकत होते. "छान झालं," मी झाडाला म्हणालो. तो पुठ्ठा पुढे कुठे गेला कोण जाणे. कुणी विचारलंही नाही.

गुंता सुटला की पिन लावायची. अर्धी माळ लागते, अर्धी नाही. हे दिवे एकामागोमाग एक असे एकाच वाटेवर जोडलेले असतात. वीज एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. वाटेत एक जरी सैल झाला तरी त्या वाटेवरचे सगळे विझतात. लांब माळेत अशा दोन-तीन वाटा असतात, म्हणून सगळी न विझता अर्धीच विझते. बऱ्याच माळांत दिव्याच्या पोटात आणखी एक बारीक तार घातलेली असते. आतला तंतू तुटला तरी वीज तिच्यातून पुढे जाते आणि बाकीचे दिवे राहतात. पण दिवाच खाचेतून हलला असेल तर ती बिचारी तरी काय करणार? मग उरतो एकच उपाय. पिन काढायची, पहिल्यापासून एकेक दिवा दाबत जायचं, थोड्या थोड्या वेळाने पिन लावून बघायचं. मुलगी मोठ्याने मोजते. बावीस, तेवीस, चोवीस. आणि मग एकदम सगळी माळ! घरात जी आरोळी उठते ती ऐकून शेजाऱ्यांना वाटत असेल, मॅच जिंकली.

झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली, न्यूयॉर्कमध्ये. त्याआधी खऱ्या मेणबत्त्या लावायचे, कोरड्या होत चाललेल्या झाडावर, जिवावर उदार होऊन. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या झाडाला लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे लावले, त्यासाठी खास तारा जोडल्या आणि वर झाडही विजेवर गोल फिरतं ठेवलं. त्यातला एखादा दिवा ऐन वेळी सैल निघाला होता का, ते कुठे वाचायला मिळालं नाही. त्याच्या बायकोचं म्हणणं ऐकायला मला आवडलं असतं.

आम्ही एलईडीची माळही आणली आहे. ती खिडकीत असते. तिला कधीच काही होत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही.

माळेखाली रंगीत गोळे, चांदणी आणि गोठ्यातली माणसं, सगळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. इथे काम हमखास थांबतं, कारण प्रत्येक जण हातातला कागद सरळ करून वाचायला लागतो. कागद वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे बातम्याही त्याच. तरी आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो. फ्रिजची जाहिरात, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात. तो कुत्रा सापडला असेल का, यावर दर डिसेंबरात चर्चा होते. सापडला असं आम्ही हल्ली धरून चालतो.

गोठा मांडायचा मान आईचा. त्यात ती कुणाला हात लावू देत नाही, पण सगळ्यांनी बघत बसलं पाहिजे. बाळ येशू लगेच गव्हाणीत जात नाही. २४ च्या रात्रीपर्यंत तो कपाटात, आईच्या रुमालांच्या घडीत. तीन राजे पार दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर. रोज थोडे थोडे पुढे सरकत ते ६ जानेवारीला गोठ्यापाशी पोचतात. मुलगी लहान असताना तिला घाई असायची, ती त्यांना रातोरात आणून सोडायची. सकाळी आई निमूटपणे परत फळीवर.

तीच मुलगी आता मोठी होऊन शंका काढते. मत्तयाने राजे म्हटलेलंच नाही, पूर्वेकडचे ज्ञानी म्हटलंय, आणि किती होते तेही सांगितलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसं तीन. बैल आणि गाढव तर शुभवर्तमानात नाहीतच. लूक सांगतो ते इतकंच की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मग बैल आला कुठून?

"गव्हाण रिकामी कशाला असेल?" आई म्हणते. "कुणाची तरी असणारच ना."

आजीचं म्हणणं अगदीच निराधार नाही. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाण मांडली, तेव्हा गवत टाकून खरा बैल आणि खरं गाढव आणवून उभं केलं होतं. लोकांना तो जन्म डोळ्यांनी बघायला मिळावा, एवढाच हेतू. 'नाताळ' हा शब्दही मूळ पोर्तुगीज, 'नताल' वरून आलेला, आणि त्याचा अर्थ जन्माचा, इतका साधा. आमच्या गोठ्यात मात्र बैलापेक्षा मेंढीचा भाव जास्त. तिला तीनच पाय आहेत. चौथा कुणी मोडला याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्या विरुद्ध. आई तिला योसेफाला टेकवून उभी करते, त्यामुळे आमचा योसेफ कायम कुणाला तरी आधार देत असल्यासारखा दिसतो.

सगळं झालं की झाडासमोर फोटो. यात एक डोळे मिटलेला आणि एक वाक्याच्या मध्यावर असलेला, असे दोघे ठरलेले. झाडाभोवती कुटुंब उभं करायची ही तऱ्हाही फार जुनी नाही. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र आलं. दोन वर्षांनी तेच चित्र अमेरिकेतल्या एका मासिकाने छापलं, पण छापताना राणीच्या डोक्यावरचा मुकुट पुसला आणि अल्बर्टची मिशीही काढून टाकली. राजघराण्याचं झालं साधं घर! आपल्याही घरी असं झाड असावं, असं मग कितीजणींना वाटलं असेल. हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर बायको फोनमधला आमचा फोटो मोठा करून बघत म्हणाली, "मिशी पुसायची युक्ती वाईट नाही."

आता त्या मेंढीच्या कागदाबद्दल. तो शब्दकोड्याचा तुकडा आहे. वडील रोज कोडं सोडवायचे, तेही थेट पेनाने. पेन्सिलीने सोडवणं त्यांना भित्रेपणाचं वाटायचं. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. तुकड्यावर त्यांच्या निळ्या शाईतली अक्षरं आहेत. एक सोडून सगळे आडवे शब्द पुरे झालेले. त्या एकाची चार घरं, दुसऱ्यात 'र', चौथ्यात 'त', पहिलं आणि तिसरं रिकामं. सूत्रं ज्या बाजूला होती ती बाजूच फाटलेली.

त्यामुळे काहीही चालतं. मुलगी म्हणते 'करवत'. मुलगा म्हणतो 'सरबत'. मी 'फुरसत' वर अडून आहे. बायकोचं मत 'हरकत', कारण त्यांची प्रत्येक गोष्टीला असायची. आई 'बरकत' म्हणते आणि कारण देत नाही. यंदा बायकोने नवीनच मुद्दा काढला. ते पेनाने लिहायचे आणि बऱ्याचदा चुकायचे. मग तो 'र' तरी बरोबर कशावरून? यावर सगळेच गप्प झाले. इतक्या वर्षांचा वाद मुळातूनच डळमळला.

६ जानेवारीच्या रात्री पेटी परत भरताना मुलीने पेन आणलं. निळं. "आजी, लिहून टाकू का? तुझाच शब्द लिहिते."

आईने कागद तिच्या हातातून घेतला, चष्मा वर करून क्षणभर बघितला, मग त्यावर मेंढी आडवी ठेवली. जिथे पाय नाही तिथे कागदाची एक घडी जास्त घातली. "फ्रिजची जाहिरात दे इकडे," ती म्हणाली. "योसेफ राहिलाय."

मी माळ गोळा करून वर टाकली, झाकण लावलं आणि स्टुलावर चढलो. बायकोने स्टूल धरलं.

"उलटी आहे," ती खालून म्हणाली.

"असू दे."